हडळीचा चहा

पार्कमध्ये पहिल्यांदाच हॅलोवीन होता. भूतघर सुरू होऊन तिसरा दिवस, आणि हडळ झालेल्या मला अजून एकही गिऱ्हाईक नव्हतं. मुलं दारापर्यंत यायची, रडायची आणि आईबापांना ओढत पाळण्यांकडे न्यायची. "आज कोणी आलं नाही तर उद्यापासून इथे आरसेमहाल," मॅनेजरांनी बजावलं होतं.

चार वाजता वैतागून, निदान चहा तरी पिऊ म्हणून मोकळ्या केसांनी तशीच दारात आले. बाहेर पाळण्यांसाठी लागलेल्या रांगेतून एकच किंकाळी उठली.

"घाबरू नका!" चष्म्यातली एक चिमुरडी वर बोट दाखवत ओरडली. "दाराला लिंबू-मिरची आहे. तिला बाहेर येता येणार नाही. आत जाऊ, भीती वाटली की पळून बाहेर!"

मी वर पाहिलं. आमच्या वायरमन गजाभाऊंनी उद्घाटनाला सवयीने बांधली होती. तीही भुतांच्याच घराला!

मी उंबरठ्यावर धडकल्यासारखी थांबले. "अगं, सोडव ना," विव्हळले, "माझा चहा निवतोय!"

सगळी रांग हसत-किंचाळत आत घुसली.

चहा मला सात वाजता मिळाला. चिमुरडीनेच आणला आणि उंबरठ्याबाहेर उभं राहून, हात लांबवून दिला.