ताज्या पावाचा वास

गेल्या वर्षी तापानंतर मयूरला वास येईनासा झाला. दोहाच्या हॉटेलात शॅम्पेन पारखणं हीच त्याची नोकरी, म्हणून ही गोष्ट त्याने फक्त आर्याला सांगितली. तिला हे काम त्यानेच शिकवलं होतं. तेव्हापासून ती आधी ग्लास हुंगायची आणि त्याला हळूच मराठीत सांगायची. तिथे दुसऱ्या कुणाला मराठी येत नव्हतं.

मार्चमध्ये दोघांपैकी एकाचंच कॉन्ट्रॅक्ट वाढणार होतं. त्याच आठवड्यात जनरल मॅनेजर एका फ्रेंच पाहुण्याला घेऊन जेवायला आले. आर्याने बाटली उघडली, ग्लास हुंगला.

"ताज्या पावाचा वास आहे, दादा."

मयूरने पाहुण्याला रंगवून सांगितलं, "ही बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते. मग तीन वर्षं तळघरात यीस्टवर पडून राहते. म्हणून हा पावासारखा सुगंध."

पाहुण्याने घोट न घेताच ग्लास बाजूला सारला. मॅनेजरनी आर्याला विचारलं, "तुला कसला वास येतोय?"

 

तिने ग्लास पुन्हा नाकाशी नेला आणि इंग्रजीत म्हणाली, "भिजलेल्या पुठ्ठ्याचा, सर. बूच खराब आहे. मी यांना बाटली उघडतानाच सांगितलं होतं."