जिन्याखालची पेटी

या माउली, असे पुढं सरकून बसा, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही. बुवा यायला वेळ आहे, पखवाज अजून लागतोय. तोवर लातूरच्या आनंदराजची, इंटरनेट दुरुस्त करणाऱ्याची गोष्ट सांगतो. चित्त इकडं असू द्या.

आनंदराज जिन्याखाली गुडघे टेकून बसला होता, तोंडात टॉर्च धरून. समोर भिंतीवरची पेटी. अख्ख्या इमारतीचं इंटरनेट त्या एका पेटीतून चार मजले वर चढायचं. इमारत क्लासच्या लेकरांनी भरलेली. कंधार, उमरी, देवणी, कुठून कुठून डॉक्टर व्हायला आलेली.

पेटीतली पिन पुन्हा निघाली होती. तुटली नव्हती, उंदरानं कुरतडली नव्हती. सरळ निघाली होती.

"काका, सापडलं का?" चौथ्या मजल्यावरची उर्वी पायरीवर येऊन उभी राहिली.

"सापडतंय."

"मागच्या दोन्ही ऑनलाइन टेस्टना असंच म्हणालात. दोन्ही अर्ध्यात गेल्या. आज तीनला शेवटची आहे. ही गेली तर मला मागच्या बॅचला टाकतील, अन् बाबा सामान भरून कंधारला घेऊन जातील."

"आज न्हाई जाणार. शब्द देतो."

शब्द तर दिला, पण जीव थाऱ्यावर नव्हता. त्यानं पिन बसवली आणि वायर चाचपत जिना चढू लागला. दुसऱ्या मजल्यावर थांबला. मागच्या महिन्यात इथं त्यानं वायर भिंतीच्या फटीत दाबून बसवली होती, अंगठा दुखेस्तोवर. आज ती फटीतून बाहेर लोंबत होती. पोरांनीच ओढली असणार. त्यानं ती खिळ्याला अडकवली, मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या आणि खाली आला.

जिन्यालगतच्या खोलीत केवळाबाई राहायची. इमारत झाडायची, पुसायची. तिनं चहाचा कप पुढं केला.

"उंदीर न्हाई सापडायचा तुला."

"का वं मावशी?"

"दोन पायाचा हाय."

आनंदराज हसला. हसता हसता त्याची नजर तिच्या फळीवर गेली. पितळी तांब्या पालथा घातलेला, त्याच्यावर वाटी, वाटीत चिंचोके.

"हे काय, देव मांडलाय?"

"राखणदार हाय. पोरांना सांगितलं तर हसाया लागली."

"मग मी पण हसतो थोडं. तुझी लेकरं कुठं असतात, मावशी?"

"गावाकडंच."

"येतात का न्हाई?"

केवळाबाईनं कपाची कड पदरानं पुसली. "लई हाका मारल्या. न्हाई आली."

आनंदराजनं पुढं विचारलं नाही. भांडण झालं असेल, सुना नीट नसतील. म्हातारी जिन्याकडं बघत म्हणाली, "ही पण तसलीच. जेवायला हाक मारा, एक उतरत न्हाई. नेट गेलं की मात्र बघ. घरात मोबाइलला रेंज न्हाई, धावत अंगणात येतात सगळी."

आनंदराजनं कप खाली ठेवला. आता त्याला फॉल्ट सापडला होता. एकटी बाई, घराकडं न फिरकणारी लेकरं, आणि माणसं भोवती गोळा करायची ही एवढीच युक्ती. रागवावं तर कुणावर? त्यानं पिशवीतून छोटं कुलूप काढलं आणि पेटीला घातलं.

"आजच्या दिवस, मावशी. पोरीचा पेपर हाय. उद्या मी स्वतः सांगतो सगळ्यांना, बसत जा म्हणून तुझ्यापाशी."

केवळाबाई कुलपाकडं बघत राहिली. "चावी तुझ्यापाशीच ठेव मग. पण जाऊ नको."

तो थांबला. तीन वाजले. वरचे आवाज बंद झाले, नुसते पंखे फिरत होते. पेटीतला हिरवा दिवा लुकलुकत होता. आनंदराज एकदा पायरीवर बसे, एकदा उठे. कुलूप ओढून बघे. का कोण जाणे, त्याला एका जागी बसवत नव्हतं.

आणि केवळाबाईच्या खोलीत चिंचोके वाजले.

बारीक, कुणी मुठीत खुळखुळवावेत तसे. वारा नव्हता. मग वाटी फळीवरून खाली आली, तिच्यामागं तांब्या. आनंदराजनं आत जाऊन तो उचलला आणि आपण सगळे ठेवतो तसा सरळ ठेवला.

"सरळ न्हाई," केवळाबाई म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता. "पालथा."

आनंदराजचा हात तांब्यावर तसाच राहिला. त्याला देवणीच्या घरातली आपली आई आठवली. तो शाळकरी असताना, त्या भूकंपाच्या साली, त्यांच्या गल्लीत घरोघरी तांबे पालथे असायचे, जमीन हलली की आधी तेच वाजावेत म्हणून, आणि आई जागीच असायची, कान तांब्याकडं लावून.

लई हाका मारल्या. न्हाई आली.

त्यानं जिन्यात येऊन वर पाहिलं, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या फटीकडं. वायर कुणी ओढली नव्हती, फटच रुंदावली होती.

चावी कुलपात दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. वर उर्वीचा पेपर अर्ध्यावर आला असणार. त्यानं कुलूप काढून फेकलं आणि पिन उपसली.

लेकरं धडाधड उतरली, मोबाइल उंच धरून, कंपनीच्या नावानं बोटं मोडत. केवळाबाई अंगणाच्या मधोमध उभी होती. जवळून जाईल त्याच्या पाठीला हात लावत होती. उर्वी सगळ्यात शेवटी आली. डोळे भरलेले.

"वर कुणी राहिलं का, बाई?" केवळाबाईनं तिला विचारलं.

"कोणी नाही, आजी." मग ती आनंदराजकडं वळली. "काका, शब्द दिला होता तुम्ही. कुणी काढली पिन? का काढली?"

आनंदराजनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी उत्तर जमिनीखालून आलं.

माउली, तुमच्या घरी कधी एखादं भांडं आपसूक वाजलं, तर केवळाबाईची आठवण ठेवा. आणि त्या भूकंपात तिच्या हाका ज्यांच्यापर्यंत पोचल्या नाहीत, त्या लेकरांचीही.