मानाची पट्टी

"लाल पट्टी बांधा साहेबांना," कार्यकर्ता गरजला. नगराध्यक्षांच्या अंगठ्याला गाडीच्या दाराचा चिमटा बसला होता.

सरकारी दवाखान्यात नवीन पद्धत सुरू झाली होती. इमर्जन्सीच्या दारातच सिस्टर पेशंटला तपासून मनगटाला रंगीत पट्टी बांधत आणि लाल पट्टीवाल्याला डॉक्टर आधी बघत, हिरवीवाल्याला शेवटी. गावाला वाटलं, लाल म्हणजे मानाची; पूर्वी साहेबांच्या गाडीवर लाल दिवा असायचा, तशी.

सिस्टरनी अंगठा निरखून पाहिला. मग त्या बाकावर गप्प बसलेल्या वीटभट्टीवरच्या बाईकडे वळल्या. तिचे ओठ निळे पडले होते. तिच्या हाताला लाल पट्टी बांधून त्यांनी तिला स्ट्रेचरवर घेतलं.

"आधी साहेब," म्हणत कार्यकर्त्यानं दार अडवलं.

"ही मानाची पट्टी नाही रे, मरायला टेकलेल्याची आहे. बांधू साहेबांना?"

कार्यकर्ता झटकन बाजूला झाला. स्ट्रेचर आत गेलं.

"बाई, तुमची बदली करतो," नगराध्यक्ष म्हणाले. "पार जंगलात."

सिस्टरनी त्यांच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली.

"करा. तिथंही मी लालच आधी आत घेईन. बसा आता, बाकावर जागा झालीय."