मास्तरीणबाईंच्या वह्या

गावाच्या दप्तरखान्यात दिवंगत मास्तरीणबाईंच्या रोजनिशीच्या एकतीस वह्या जमा झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या शेजारच्या आजी तरातरा जिना चढून आल्या.

"माझ्याबद्दल काय काय लिहिलंय तिनं, ते शोधून काढा. बदनामी मी खपवून घेणार नाही!"

दप्तरदार आठवडाभर मान मोडून वाचत बसला. नळाला पाणी कधी आलं, दूध कधी नासलं, मांजरीला किती पिल्लं झाली, सगळं होतं. आजींचं नाव मात्र औषधालाही नव्हतं.

"आजी, एक अक्षर नाही. सुटलात तुम्ही!" तो खुशीत म्हणाला.

"सुटले?" आजींचा आवाज चढला. "तीस वर्षं भांडले मी तिच्याशी, एक दिवस खाडा नाही! आणि नोंद कुणाची, तर मांजरीची?"

तणतणत त्या निघून गेल्या. पीडा टळली, असं दप्तरदाराला वाटलं. पण सकाळी दार उघडतो तर आजी हजर, वह्यांचं गाठोडं काखोटीला मारून.

"या माझ्या. पानोपानी तीच आहे." गाठोडं टेबलावर ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "तिच्या शेजारीच ठेवा हं."