जावेच्या फाटकाबाहेर मुक्काम

सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून दोघी जावांचं असं फाटलं होतं, की थोरल्या दिरांच्या वाढदिवसाला आलेली धाकटी जाऊ थोरलीच्या घरात राहायला तयारच होईना. "आपण आपल्या गाडीतच झोपायचं," असं बजावून तिने नवऱ्याला झोपायची-अंघोळीची सोय असलेलं ते चाकांवरचं घर फाटकाबाहेरच लावायला सांगितलं. तिथे ना विजेची जोडणी, ना पाण्याची. पण ताठा कायम. सकाळी तिने डोक्याला शाम्पू चोपडला आणि टाकीतलं पाणी संपलं. नवरा फिरायला गेलेला. तिचा आरडाओरडा ऐकून गाडीच्या खिडकीशी थोरलीच आली, हातात बागेतला पाइप घेऊन. "आत ये म्हणत नाही मी. डोकं तेवढं बाहेर काढ." डोळे चुरचुरत होते, धाकटीने मान पाइपाखाली धरली. "अहो ताई, गारठले मी!" ती किंचाळली. "गरम पाणी घरात आहे," थोरली केस चोळत म्हणाली. धाकटी टॉवेल गुंडाळून अनवाणीच तिच्यामागे निघाली.