लाल ठिपका

सुवार्ताचा नवरा एड्सनं वारला तेव्हा सलोमीबाईंनी चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या एका पेल्याला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. "सुवार्ताले हाच द्याचा," त्यांनी पाळकांना बजावलं. चार वर्षं सुवार्ता मुकाट तोच पेला उचलत राहिली आणि गेल्या आठवड्यात त्याच आजारानं तीही गेली. आज तिचं घर आवरताना सलोमीबाईंना फळीवर बायबलमागे लाल नेलपॉलिशची बाटली सापडली. त्यांचं तोंड वाकडं झालं. "विधवा बाई अन् नखं रंगवत होती?" चिखलीला मामाकडे निघालेल्या तिच्या लेकीनं मान वर केली. "नखाले नाही, मावशी. शनिवारी चर्च झाडाले गेली का आई पेल्यावरचा ठिपका पाहे. पुसट दिसला का पुन्हा लावे. म्हणे, 'ठिपका गेला तं मावशीले उगीच भेव वाटन.'" सलोमीबाईंनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. आतला रंग पार तळाला गेला होता.