कळंब्याची मालकीण

"ती खोली तर रिकामी हाय की," शांतादेवी म्हणाल्या. "वरीस झालं, गिऱ्हाईकच मिळंना झालंय."

अनुजा दारातच थबकली. सकाळच्या एसटीनं ती कोल्हापूरहून जयसिंगपूरला आली होती ती मालकिणीपुढं हात जोडायला. कोल्हापुरातल्या कळंब्याच्या त्या दोन खोल्यांत ती आणि तिची लेक अकरा महिने राहत होत्या. करार संपला तसा एजंट सम्राट दारात आला. पुढं राहायचं तर पुन्हा एका महिन्याचं भाडं कमिशन, वर कागदांचा खर्च वेगळा. मालकिणीचाच नियम आहे म्हणाला. जमत नसेल तर रविवारी चावी. लेकीची दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

कचेरीबाहेर अर्ज लिहीत बसणाऱ्या एका माणसाला तिनं विचारलं होतं. तो म्हणाला होता, "ताई, कमिशन असतंय खोली दाखवल्याचं. ते तुम्ही एकदा दिलंय. त्याच्याशी भांडू नका, मालकिणीला गाठा. कागदावर पत्ता असतोय की."

"आजी, रिकामी नाही," अनुजा म्हणाली. "मीच राहते तिथं."

शांतादेवींनी तिला आत घेतलं. कॉटवर बसून त्यांनी चष्मा लावला आणि कराराचा कागद खिडकीच्या उजेडात धरला. त्यांच्या डाव्या हातावर सुयांच्या जुन्या खुणा होत्या आणि शीर दोरखंडासारखी फुगलेली होती.

"ही सही माझी न्हवं," त्या म्हणाल्या. "मी कानडीत सही करते. चिकोडीवरनं लगीन होऊन आले तवापास्नं, बँकेत बी कानडीतच. भाडं किती देतीस?"

"सात हजार. सम्राटच्या हातात."

"सात." म्हातारीनं कागद कॉटवर ठेवला. "मला दोन देतोय. म्हणतोय, अव्वा, खोली मोकळी हाय, पर तुमची अडचण नको म्हणून माझ्या खिशातनं देतोय."

अनुजाच्या अंगात एकदम बळ आलं. तिला वाटलं, सुटलो आपण. "आजी, आत्ता पोलिसात जाऊ. पोलीस नको तर मला नुसती एक चिठ्ठी द्या. भाडं सरळ तुमच्या हातात देईन, सातच्या सात. मधी कुणीच नको."

चिठ्ठी तिनं लेकीच्या वहीच्या पानावर लिहूनच आणली होती. शांतादेवींनी पेन घेतलं. टोक कागदाला टेकवलं, आणि हात थांबला.

"आज वार कुठला?"

"मंगळवार."

"मंगळवारी आन् शुक्कीरवारी मिरजेला जावं लागतंय मला. रक्त धुवाय. चार तास मशीनवर." त्यांनी पेन खाली ठेवलं. "सम्राट गाडी घेऊन येतोय. जिन्यावरनं धरून उतरवतोय, परत आणून निजवतोय. पोरगा बेंगळूरात हाय. दिवाळीला फोन करतोय."

"सात हजारांत रिक्षा लावता येईल, आजी."

"लावता येईल की. मशीनवर थंडी भरून आली तर हात धरून कोण बसंल? मागच्या म्हैन्यात तोच बसला हुता." त्यांनी पहिल्यांदा अनुजाकडं सरळ पाहिलं. "तू येशील?"

अनुजा शिलाई कारखान्यात कामाला होती. आजचा खाडासुद्धा तिनं सुपरवायझरच्या हातापाया पडून मिळवला होता. आठवड्याला दोन खाडे म्हणजे दुसऱ्याच आठवड्यात तिच्या मशीनवर दुसरी बाई बसली असती. होय म्हणावं, पुढचं पुढं बघू, असं तिच्या ओठांपर्यंत आलं. पण म्हातारी उत्तराची वाट बघत होती, आणि तिला खोटं बोलवेना.

खाली हॉर्न वाजला.

सम्राट वर आला. त्यानं अनुजाला पाहिलं, कॉटवरचे कागद पाहिले. कॉटखालच्या चपला ओढून तो उकिडवा बसला आणि म्हातारीचा सुजलेला पाय त्यानं स्वतःच्या मांडीवर घेतला. पट्टा एक भोक सैल करून हळूच चप्पल चढवली.

"काल पाणी जास्त प्यालाय अव्वा तुम्ही," तो म्हणाला. "पाय बघा कसे झाल्यात."

"चुकलं बाबा," शांतादेवी म्हणाल्या.

दोन्ही कागदांच्या घड्या करून त्यानं ते खिशात टाकले. मग अनुजाकडं न बघता म्हणाला, "मॅडम, तिकडनं जरा धरा. जिना अरुंद हाय. डाव्या हाताला धक्का लावू नका."

अनुजानं म्हातारीचा उजवा हात आपल्या खांद्यावर घेतला. एक पायरी उतरली, दुसरी उतरली. तिसरीवर शांतादेवी थांबल्या. दम घेतला. मग समोरच्या भिंतीकडं बघत, सम्राटला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही बाई कायबाय लिहून आणून सही मागत हुती बघ. म्या केली न्हाय."

"बरं केलंसा."

"मला न्हाय ठेवायची ती. रविवारी खोली सोडाय सांग तिला."

अनुजानं मान वळवून म्हातारीच्या तोंडाकडं पाहिलं. डोळे मिटलेले होते. पाय लटपटत होते, आणि अंगाचा सगळा भार अनुजाच्या खांद्यावर आला होता. नुसता खांदा काढून घ्यायचा अवकाश होता.

अनुजानं म्हातारीच्या कमरेला हाताचा वेढा घट्ट केला आणि पुढची पायरी उतरली.